पाण्याचा द्राक्षारस झाला हे पटत नाही, तरी मी ख्रिस्ती का? स्वतःपुरतं कसं ठरवायचं

येशूचे चमत्कार पटत नसतील तर स्वतःला ख्रिस्ती म्हणवायचं का, हा प्रश्न आमच्याकडे घरात बाळ आलं की डोकं वर काढतो. बाप्तिस्म्याची तारीख ठरते, केकची ऑर्डर जाते, मग पाळकसाहेब घरी येऊन सांगतात की उपासनेत आईबापांनी आणि गॉडफादर-गॉडमदरने मतांगीकार (आपण काय मानतो ते ओळीओळीने सांगणारा ठरलेला मजकूर) म्हणायचा, आणि बाळाच्या बापाला एकदम आठवतं की आपण इंजिनियर आहोत, कुमारी मातेला मूल होतं हे आपण सगळ्यांसमोर कसं म्हणायचं. गेल्या काही वर्षांत मला चौघांनी हे विचारलंय, त्यातला एक तर माझा मावसभाऊच, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकते. मी धर्मशास्त्र शिकलेली नाही हं. माहेर नगरकडचं प्रोटेस्टंट, सासर वसईचं कॅथलिक, दोन्हीकडच्या बाकांवर बसलेय, एवढंच माझं क्वालिफिकेशन.

पहिलं काम म्हणजे हा प्रश्न नक्की कोण विचारतंय ते बघा, कारण माणसं इथेच घोळ घालतात. सरकार विचारत असेल तर काम सोपंय. १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा काढून बघा, त्यात ख्रिस्ती म्हणजे ख्रिस्ती धर्म आपला म्हणून सांगणारी व्यक्ती, बास. येशूने मेलेल्या लाजरला कबरेतून उठवलं का हे कुठलाही रजिस्ट्रार विचारत नाही. पण याच कागदाची दुसरी बाजूपण आहे आणि ती पुण्या-मुंबईच्या गप्पांमध्ये कुणाच्या लक्षातच येत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांच्यापुरताच आहे, त्यामुळे दलित घरातल्या माणसाने "मी ख्रिस्ती" म्हणणं याची किंमत रोख मोजावी लागते. तिथे माणूस ख्रिस्ती का म्हणवतो, का नाही म्हणवत, याचा चमत्कारांशी काही संबंध नसतो, तेव्हा अशा घरात जाऊन "तुमचा नक्की विश्वास आहे का" असलं काही विचारू नका.

चर्च विचारत असेल तर चर्चप्रमाणे उत्तर बदलतं. कॅथलिकांमध्ये बाप्तिस्म्याचा शिक्का पुसला जात नाही अशी शिकवण आहे, तुम्ही पुढे काहीही माना. पूर्वी त्यांच्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, औपचारिकपणे चर्च सोडलेल्या माणसासाठी लग्नाच्या नियमात सूट होती, २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी तीपण काढून टाकली. म्हणजे सासरच्या हिशेबाने तुम्ही वाईट कॅथलिक होऊ शकता, नास्तिक कॅथलिक होऊ शकता, पण बिनबाप्तिस्म्याचे परत होऊ शकत नाही. माहेरी जरा वेगळं. आमचं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन झालं, तिथे प्रेषितांचा मतांगीकार आणि निखैया मतांगीकार दोन्ही मानतात, आणि दृढीकरणाच्या वेळी, म्हणजे मोठेपणी बाप्तिस्मा पक्का करतात तेव्हा, तुम्हाला स्वतःच्या तोंडाने हो म्हणावं लागतं. लहानपणी आईबापांनी म्हटलेलं हो आता तुमचं होतं, खरी अडचण तिथेच.

आता मुद्द्याचं काम. मतांगीकाराचा कागद घ्या, पेन्सिल घ्या आणि प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक खूण करा: मनापासून म्हणू शकतो, माझ्या अर्थाने म्हणू शकतो, म्हणूच शकत नाही. हे डोक्यात करू नका, कागदावरच करा, डोक्यात केलं की सगळं एकदम पटतं नाहीतर एकदम खोटं वाटतं.

हे करताना एक गोष्ट मला जाम आश्चर्याची वाटली. प्रेषितांचा मतांगीकार मी हजारदा म्हटला असेन, पण त्यात येशूने केलेला एकही चमत्कार नाही! पाण्याचा द्राक्षारस नाही, पाच भाकरी नाहीत, पाण्यावर चालणं नाही, लाजर नाही. कुमारी मरीयेपासून जन्म, पुनरुत्थान म्हणजे मेल्यावर पुन्हा उठणं, स्वर्गारोहण एवढंच आहे. आणि गंमत म्हणजे त्याची शिकवणपण नाही, डोंगरावरचं प्रवचन नाही, शत्रूवर प्रीती करा नाही, मरीयेवरून गाडी जी सुटते ती थेट त्याला मारायचा हुकूम देणाऱ्या पंतय पिलातावर थांबते. म्हणजे रविवारच्या शाळेत फ्लॅनेलच्या बोर्डावर जी चित्रं लावून आपल्याला गोष्टी सांगितल्या त्यातल्या बहुतेक गोष्टींवर तुमचं ख्रिस्तीपण कधी टांगलेलंच नव्हतं. मावसभावाला हे सांगितल्यावर त्याचं अर्धं टेन्शन तिथेच गेलं.

पिलाताचं नाव का आहे ते बघा. एका रोमन अधिकाऱ्याचं नाव जगभर दर रविवारी घेतलं जातं, ते त्याच्या प्रेमाखातर नाही. हे "फार फार वर्षांपूर्वी" झालं नाही, अमुक सुभेदार असताना झालं, असं ठासून सांगायला घेतलं जातं. पिलात साधारण इसवी सन २६ ते ३६ यहूदियात होता, त्याचं नाव कोरलेला दगड १९६१ मध्ये कैसरियात सापडलाय.

म्हणून येशू होऊन गेला का या प्रश्नावर फार दिवस घालवू नका. व्हॉट्सॅपवर कुणीतरी दर नाताळला फॉरवर्ड करतो की येशू नावाचा माणूसच नव्हता, ते वाचून घाबरायचं कारण नाही. रोमन इतिहासकार टॅसिटस ११६ च्या आसपास लिहितो की ख्रिस्ताला सम्राट तिबेरियसच्या काळात पिलाताने मारलं, आणि टॅसिटसला स्वतःला ख्रिस्ती लोक अजिबात आवडत नव्हते. ज्यू इतिहासकार जोसेफस येशूचा भाऊ याकोब याच्या मृत्यूची हकीकत देतो. त्याच जोसेफसमध्ये येशूवर आणखी एक उतारा आहे, त्यात नंतर ख्रिस्ती हातांनी भर घातली असं बहुतेक अभ्यासक मानतात, तेव्हा वादात तो उतारा काढू नका, समोरचा तयारीचा असेल तर तोंडावर आपटाल. पहिल्या पिढीतला प्रचारक पौल स्वतः बायबलमधल्या गलतीकरांच्या पत्रात लिहितो की मी येशूचा शिष्य पेत्र याला आणि प्रभूचा भाऊ याकोब याला भेटलो. माणसाच्या भावाला भेटलेला माणूस पत्र लिहितोय, अजून काय पाहिजे? बार्ट एर्मनसारखे स्वतः विश्वास न ठेवणारे अभ्यासकही येशू होऊन गेला हे मानतात. म्हणजे इथे श्रद्धेची गरजच पडत नाही, त्यामुळे इथे "हो" म्हटल्याने कुणी ख्रिस्ती होतही नाही. टॅसिटस झाला का?

चमत्कारांकडे या. इथे आपल्या मराठी लोकांना खरं तर सोपं जायला पाहिजे. पैठणला रेडा वेद बोलला का, ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली का, यावर कुणाचं वारकरीपण ठरत नाही, गळ्यात माळ आहे का, वारी करतो का यावर ठरतं. इंद्रायणीतून गाथा कोरडी वर आली यावर शंका घेणारे कितीतरी लोक आषाढीला चालत असतात. १८२० मध्ये कलकत्त्यात राममोहन रॉय यांनी येशूची फक्त शिकवण वेगळी काढून पुस्तक छापलं, चमत्कार बहुतेक सगळे गाळले, आणि त्याचं कारण भारी दिलं: इथल्या लोकांकडे याहून मोठ्या चमत्कारांच्या गोष्टी आधीच आहेत, यांचा काय प्रभाव पडणार. सेरामपूरचे मिशनरी मार्शमन जाम चिडले, वर्षानुवर्षं वाद चालला, आणि त्यातच विल्यम ॲडम नावाचा मिशनरी राममोहनना पटवायला गेला तो स्वतःच त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण) सोडून ते न मानणारा युनिटेरियन होऊन बसला. योगायोग असा की त्याच सुमारास अमेरिकेत थॉमस जेफरसन शुभवर्तमानातल्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातल्या, ओळी ब्लेडसारख्या पात्याने कापून आपल्यापुरती वही चिकटवत होता, ती वही कबरेच्या तोंडावर धोंडा लावला तिथे संपते, येशू पुन्हा उठला हे त्यात नाहीच.

तो धोंडा, तिथेच खरी गाठ आहे, आणि वारकऱ्यांची उपमा इथे तुटते, हे मान्य करायला हवं. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात पंधराव्या अध्यायात पौल स्वतः म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. बाकी चमत्कार बाजूला ठेवता येतात, हा ठेवता येत नाही, कारण बाजूला ठेवू नका असं पहिल्याच पिढीने सांगून ठेवलंय. आता "उठला" याचा अर्थ काय यावर भांडणं भरपूर. जर्मन अभ्यासक बुल्टमान यांनी १९४१ मध्ये मांडलं की पुराणाच्या भाषेचं कवच काढून आतला संदेश घ्या. इंग्लंडात १९८४ मध्ये डेव्हिड जेन्किन्स डरहॅमचे बिशप झाले, कुमारीजन्म आणि रिकाम्या कबरेबद्दल त्यांनी उघड शंका घेतल्या होत्या, यॉर्क मिन्स्टर या मोठ्या चर्चमध्ये त्यांची दीक्षा झाली आणि तीन दिवसांनी त्याच चर्चला आग लागली, वीज पडली म्हणतात, आणि लोक म्हणाले बघा देवाने उत्तर दिलं. पण बिशप बिशपच राहिले, दहा वर्षं.

माझं मत विचाराल तर कबर रिकामी होती का यावर तुम्ही अडखळलात तरी चालेल, पण "काहीच झालं नाही, एक चांगला माणूस मेला आणि विषय संपला" असं जर तुमचं ठाम मत असेल, तर त्या ओळीपुढे प्रामाणिकपणे "म्हणूच शकत नाही" अशी खूण करा. उगाच "माझ्या अर्थाने" या खान्यात सगळं कोंबू नका. ते खानं फार ढिलं असतं, त्यात हत्तीपण मावतो.

बरं, मग खूण केली, आता पुढे? आता हे तीन लोक शेजारी ठेवून बघा. गांधीजींनी १९३१ मध्ये बोटीवर नाताळच्या वेळी सांगितलं की येशू झालाच नाही असं सिद्ध झालं तरी मला फरक पडत नाही, डोंगरावरचं प्रवचन मला खरंच वाटेल. राममोहन रॉय यांचं वर सांगितलंच. दोघांनाही शिकवण मनापासून आवडली, दोघेही ख्रिस्ती नव्हते आणि दोघांनी तसं म्हणवलंही नाही. आता पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या मार्गदर्शक जोगीण सिस्टर जेराल्डीनशी पत्रांतून भांडण सुरू, त्रैक्य कुठून आणलंत, ख्रिस्ताचं देवत्व कसं, बिशप म्हणतील ते सगळं मी का मानू. ती पत्रं आपल्या राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये छापलीत, मिळाली तर जरूर वाचा, बाई काय लिहितात! पुढे त्या बदलल्या, बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त आत्ता मिळाला असं त्यांनी सांगितलं, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, अख्खं बायबल मराठीत आणलं. पण मुद्दा त्या आधीच्या आठ वर्षांचा आहे. त्या वर्षांत त्या ख्रिस्ती नव्हत्या का? होत्या की. आत बसून भांडत होत्या. गांधीजी बाहेर बसून कौतुक करत होते. मला फरक हाच दिसतो, कोण किती ओळी मानतो यापेक्षा माणूस कुठे बसून वाद घालतो यात.

(कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर १९१७ मध्ये "देवाचा दरबार" काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही शिष्य चालणार होते. दोन वर्षांत ते गेले आणि ते तसंच राहिलं. पुढे काय झालं असतं असं मला नेहमी वाटतं.)

शेवटी प्रत्यक्ष वागायचं कसं ते. पाळकांशी किंवा फादरांशी बोलायचं तर उपासना संपल्यावर दारात हात मिळवताना बोलू नका, मागे पन्नास माणसं असतात, ते "प्रार्थना करू या" म्हणून पुढे सरकवतात. घरी बोलवा, नाहीतर वेळ घेऊन जा, आणि "माझा विश्वास राहिला नाही" असं मोघम न म्हणता कागद दाखवून अमुक ओळ म्हणता येत नाही असं सांगा. मोघम बोललात की प्रवचन मिळतं, ओळ दाखवलीत की उत्तर मिळतं. मला लहानपणी एका पाळकांनी शंका म्हणजे सैतानाचं काम सांगून गप्प बसवलं होतं, दुसऱ्यांनी दोन तास बसून चहा पाजला, तेव्हा पहिला अनुभव वाईट आला तर दुसरीकडे जा.

मतांगीकार चालू असताना जी ओळ जमत नाही तिथे गप्प राहा, चालतं. निखैया मतांगीकार मूळ ग्रीकमध्ये "आम्ही विश्वास ठेवतो" असाच आहे, तुमची एक ओळ मंडळीतलं दुसरं कुणीतरी उचलतं. पण गॉडफादर व्हायचं असेल तर जरा थांबा. कॅथलिकांमध्ये त्यासाठी सोळा वर्षं पूर्ण, दृढीकरण झालेलं आणि श्रद्धेला धरून चालणारा माणूस लागतो, आणि तिथे तुम्ही दुसऱ्याच्या मुलाच्या वतीने शब्द देता. स्वतःपुरती पळवाट ठीक, दुसऱ्याच्या लेकराच्या नावावर नको. सरळ सांगा की मी कपडे आणतो, केक आणतो, हे दुसऱ्या कुणाला करू दे. पोरांनी विचारलं तर जे पटत नाही ते खरं म्हणून सांगू नका आणि सगळं थोतांड आहे असंही सांगू नका, आजी काय मानते, मी काय मानतो, दोन्ही सांगा, पोरं हुशार असतात.

मावसभावाने सगळ्या खुणा केल्या. दोन ओळी अडल्या. पाळकांना जाऊन सांगितलं, ते म्हणाले ये तू, उभा राहा, जमेल तेवढं म्हण. बाप्तिस्म्याच्या दिवशी तो बाळाला घेऊन उभा राहिला, मधे एका ठिकाणी गप्प झाला, शेजारी मावशी उभी होती तिने आवाज चढवला. घरी आल्यावर सगळ्यांना केक देता देता ती त्याच्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, "पिलातापर्यंत तर चांगला मोठ्याने म्हणत होतास की रे, पुढं काय झालं?"