वेळासला कासवांची पिल्ले पाहायला जाताना

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखण्याचे काम चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन २००२ मध्ये सुरू केले. तोवर अंडी माणसे, कोल्हे आणि कुत्री यांच्या तावडीत सापडत. आता वनविभाग आणि गावातले कासवमित्र हे काम पाहतात, आणि हंगामात पाहुण्यांना पिल्ले समुद्राकडे जाताना पाहता येतात.

माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात अंडी घालतात आणि अंडी उबायला ४५ ते ६० दिवस लागतात. म्हणून फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंतचा काळ धरावा, पण तारीख पक्की करण्यापूर्वी ज्यांच्या घरी उतरायचे आहे त्यांना फोन करून त्या आठवड्यात घरटी उबण्याच्या बेतात आहेत का, हे विचारावे. शनिवार-रविवार टाळता आला तर उत्तम. मुक्काम गावातल्या घरांतच करावा, कारण कासव राखले तर घरात चार पैसे येतात, या हिशेबावरच गावाचा सहभाग टिकून आहे. हरिहरेश्वराकडून येणाऱ्यांना बागमांडल्याहून वेसवीला जंगल जेट्टीने, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या फेरीबोटीने, खाडी ओलांडता येते.

पिल्ले सकाळी साधारण सात वाजता आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास सोडतात. पुळणीवर कुंपण घातलेल्या जागेत प्रत्येक घरट्यावर टोपली पालथी घातलेली असते. कासवमित्र ती उचलतो आणि पिल्ले वर आली असतील तरच पुढचे काम होते. कित्येकदा टोपलीखाली नुसती वाळू असते. अशा वेळी त्याच्याशी हुज्जत घालू नये. एक रात्र जास्त राहण्याची तयारी ठेवणे हाच त्यावर उपाय आहे. पिल्ले पाण्यापासून काही अंतरावर ठेवून त्यांना स्वतः चालू देतात, म्हणून दोरीच्या आत पाऊल टाकू नये, फ्लॅश वापरू नये आणि पिल्लू हातात घेऊन फोटो काढण्याचा हट्ट मुलांनाही करू देऊ नये. हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेल्या यादीत आहे.

स्वयंसेवक म्हणून काम करायचे असेल तर आधी एक गोष्ट मान्य करावी लागते: मूळ घरट्यातली अंडी कुंपणातल्या जागेत हलवण्याचे काम नवख्याच्या हाती देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. ती घातल्यावर काही तासांतच आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडे उलटेपालटे झाले तर गर्भ दगावू शकतो. शिवाय नवा खड्डा मूळ घरट्याइतकाच, म्हणजे सुमारे दीड फूट खोल आणि तळाशी सुरईसारखा फुगीर असावा लागतो. खोली चुकली की उष्णता बदलते, आणि पिल्लू नर होणार की मादी हेही त्या उष्णतेवरच ठरते.

मात्र हंगामापूर्वी, ऑक्टोबरात, किनाऱ्यावरची तुटकी जाळी, दोर आणि प्लॅस्टिक उचलण्यासाठी माणसे हवीच असतात, कारण या कचऱ्यामुळे मादीची वाट अडते. पहाटेच्या गस्तीला जाण्याची इच्छा असल्यास कासवमित्राची परवानगी घ्यावी आणि त्याच्या मागोमाग चालावे. मादीच्या पावलांचा माग वाळूवर असतो आणि आपण पुढे गेलो तर तोच पुसला जातो. विजेरी लागलीच तर तिच्यावर लाल कागद लावावा. ओळखीत मच्छीमार असतील, तर जाळ्यात सापडलेले कासव जाळे कापून सोडल्यास राज्य सरकार २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देते, हे त्यांना सांगावे. माझ्या मते ही माहिती एखाद्या बंदरावर नीट पोहोचवणे हे दहा फोटोंपेक्षा मोलाचे काम आहे.

पावसाळ्यात जखमी किंवा थकलेली कासवे किनाऱ्याला लागतात. असे कासव लोटून परत पाण्यात ढकलू नये. त्याला सावली करावी, पाठीवर ओले फडके टाकावे, कुत्री दूर ठेवावीत आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवून माणसे येईपर्यंत तिथेच थांबावे.