घरातील धूर कमी करताना या चुका टाळा

धूर दिसत नाही म्हणजे हवा स्वच्छ आहे, हा घरात इंधन जाळणाऱ्यांचा सर्वांत घातक गैरसमज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरगुती वायुप्रदूषणामुळे जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, आणि त्यामागचे सूक्ष्म कण व विषारी वायू डोळ्यांना दिसतातच असे नाही.

कोळशाची शेगडी हे याचे ठळक उदाहरण. निखारे फुलले की धूर थांबतो, म्हणून ती आत आणून ऊब टिकावी यासाठी दारे-खिडक्या लावून घेतल्या जातात. मात्र राख धरलेले निखारेसुद्धा कार्बन मोनॉक्साइड सोडत असतात. या वायूला रंग नसतो, वास नसतो, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. घरातल्या अनेकांना एकाच वेळी डोकेदुखी, गरगर, मळमळ जाणवू लागली, तर थकवा समजून झोपू नये. सर्वांनी तत्काळ मोकळ्या हवेत यावे आणि डॉक्टरांकडे जावे. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपणे तर कोणत्याही परिस्थितीत नको.

चूल फार धूर करत असेल, तर आधी लाकूड तपासावे. ओल्या लाकडाची बरीचशी उष्णता त्यातले पाणी उडवण्यातच खर्च होते, जाळ थंड राहतो आणि ज्वलन अर्धवट होते. सरपण फोडून, वरून झाकून, पण बाजूंनी वारा खेळेल असे रचावे. वाळलेली लाकडे एकमेकांवर आपटली की खणखणीत वाजतात. तरीही धूर होत असेल, तर चुलीच्या तोंडात लाकडे कोंबलेली असण्याची शक्यता आहे. प्लास्टिक किंवा रंगवलेले लाकूड मात्र कधीही जाळू नये.

धुराडे असूनही धूर खोलीत परतत असेल, तर आत साचलेली काजळी काढावी आणि धुराड्याचे तोंड छपराच्या माथ्यापेक्षा उंच आहे ना, हे पाहावे. एक कारण सहसा लक्षात येत नाही: खिडक्या बंद ठेवून एक्झॉस्ट फॅन लावला, की तो धुराड्यातूनच हवा खाली ओढू शकतो. अशा वेळी बाहेरची हवा आत येण्यासाठी खिडकी उघडावी.

गॅसची ज्योत निळीऐवजी पिवळी दिसत असेल, तर गॅस बंद करून बर्नर गार झाल्यावर त्याची छिद्रे साफ करावीत, आणि तरीही फरक पडला नाही तर जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी. ज्योत निळी असली तरी नायट्रोजन डायऑक्साइड हा फुप्फुसांना त्रासदायक वायू तयार होतोच. त्यामुळे गॅसवर स्वयंपाक करतानाही खिडकी उघडी हवी.