फौजेतून परतलेल्या महिलांसाठी निसर्ग-उपक्रम चालवताय? या चुका टाळा

सैन्यदलात दहा-चौदा वर्षं काढून मुंबईत परतलेल्या बाईला पहिले काही महिने सगळ्यात जास्त काय टोचतं, तर दिवसाला आकारच उरलेला नसतो. पहाटे पाचला जाग येते आणि फॉल-इन, म्हणजे हजेरीची रांग, कुठेच नसते. युनिट नाही, मेस नाही, आपल्यावाचून अडेल असं काही नाही. सोसायटीत कोणाला तिची रँक माहीत नसते. अशा वेळी खाडीकाठ, जंगल, समुद्रकिनारा यांचा खरोखर आधार होतो. झाडांखाली मन हलकं होतंच, पण या बायकांना धरून ठेवते ती जबाबदारी. ठरलेली जागा, ठरलेली माणसं आणि नेमून दिलेलं काम त्यांना हवं असतं. मुंबईतले अनेक चांगले गट नेमकं तेच द्यायला विसरतात आणि तीन-चार रविवारांत उपक्रम बारगळतो.

सत्काराने सुरुवात करणं

शाल, श्रीफळ, गुलाबाचं रोप, बॅनरसमोर फोटो. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला हे हमखास होतं. सत्कार झाला की ती पाहुणी ठरते, आणि पाहुण्यांच्या हाती कोणी कोयता देत नाही. कॅमेरा पहिल्या दिवशी बंदच ठेवा. फोटो हवेच असतील तर दोन-तीन महिन्यांनी, तिला विचारून काढा.

सगळ्यांना एकाच मापाने मोजणं

नाव नोंदवायच्या टेबलावर सर्रास ऐकू येणारा प्रश्न: “मिस्टर कुठे होते पोस्टेड?” ती शांतपणे सांगते, “मीच होते.” समोरचा स्वयंसेवक ओशाळून हसतो, पण तिच्या मनात काय व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. फौजीची पत्नी, वीरनारी (शहीद जवानाची पत्नी) आणि स्वतः वर्दी घातलेली स्त्री या तिघींचे प्रश्न वेगळे आहेत. तिघींना मदत करा, पण एका यादीत कोंबू नका.

वर्दीतल्या बायकांमध्येही एकीचा अनुभव दुसरीसारखा नसतो. लष्करी परिचर्येची परंपरा जुनी आहे. १८८८ मध्ये दहा ब्रिटिश परिचारिकांची पहिली तुकडी मुंबईतच उतरली होती. डॉक्टर आणि परिचारिका सोडून बाकीच्या काही शाखांत अधिकारी म्हणून स्त्रियांना लष्कराने १९९२ पासून घेतलं, तेही शॉर्ट सर्व्हिसवर, म्हणजे ठरावीक वर्षांपुरतं. त्यांना परमनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची सेवा, देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला फेब्रुवारी २०२० मध्ये. मिलिटरी पोलिसात शिपाई म्हणून दाखल झालेल्या मुलींची पहिली तुकडी २०२१ मध्ये बेंगळुरूमधून बाहेर पडली. त्यानंतर अग्निवीर म्हणून लागलेल्या मुलींचा करार चारच वर्षांचा, म्हणजे त्यांच्यापैकी अनेक जणी विशी-पंचविशीत परत येणार. पन्नाशीची माजी नर्सिंग ऑफिसर आणि ही मुलगी एकाच गटात छान काम करू शकतात. फक्त दोघींना तेच काम आणि तेच भाषण देऊ नका.

हाक कशी मारायची हेही तिलाच विचारा. काहींना ‘ताई’ आवडतं, काहींना ‘मॅम’ची सवय असते, काहींना रँक नकोच असते.

झाडं लावून मोकळं होणं

इथे जरा थांबून बोलायला हवं, कारण ही चूक माणसांनाही भोवते आणि निसर्गालाही.

५ जूनला, पर्यावरण दिनी, खड्डे, रोपं, टी-शर्ट, नाश्ता. पुढच्या मार्चमध्ये त्या रोपांना पाणी कोण घालतं? ज्या बाईने वर्षानुवर्षं काम अर्धवट न सोडण्याची शिस्त पाळली, तिला वाळलेली रोपं दिसली की ती मनातून खचते आणि पुन्हा येत नाही. त्यापेक्षा एक लहानसा तुकडा वर्षभरासाठी घ्या. वनखात्याच्या परवानगीने टणटणी आणि रानमोडी ही जंगलात माजणारी परकी झुडपं उपटण्याचं काम मला सगळ्यात उजवं वाटतं. अंग मोडून काम होतं, शेजारी माणूस असतो, बोललंच पाहिजे असं नसतं, आणि दोन तासांनी मागे वळून पाहिलं तर मोकळी झालेली जमीन दिसते. मुळासकट उपटायचं, नाहीतर पावसात तेच झुडूप पुन्हा फुटतं. म्हणजे परत यावंच लागतं.

दुसरी चूक ठाण्याच्या खाडीत होते. दिसली चिखलाची मोकळी जागा की लाव तिवर! खाडीचा उघडा चिखल ओसाड नसतो. फ्लेमिंगो आणि इतर पाणपक्षी त्यावरच जगतात. तिथे कांदळवन उभं केलं तर पक्ष्यांचं ताट हिसकावल्यासारखं होतं. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळींच्या जागतिक रामसर यादीत गेली ती मुख्यतः या पक्ष्यांमुळे. कुठे लावायचं, कुठे नाही, हे वनखात्याच्या कांदळवन कक्षाला विचारल्याशिवाय चिखलात पाय टाकू नका.

लावण्यापेक्षा मोजण्याचं काम द्या. भांडुप पंपिंग स्टेशनच्या बाजूला हिवाळ्यात पक्षिगणना करता येते. उधाणाच्या भरतीत खाडीतला चिखल बुडतो आणि फ्लेमिंगो नवी मुंबईच्या पाणथळींकडे सरकतात. त्यामुळे तिथी आणि भरती-ओहोटीचं कोष्टक पाहूनच दिवस ठरवावा लागतो. हे नियोजन माजी अधिकारी महिलेकडे सोपवून बघा. नकाशा, वेळा, माणसांची विभागणी, पर्यायी वाट असं सगळं ती एका कागदावर मांडून आणते.

आखणीत बाईमाणसाचा विचारच नसणं

शौचालय. चार तासांच्या कांदळवन फेरीत त्याची सोय नसेल तर बायका पाणी पिणं सोडतात आणि मग चक्कर येते. आधी जागा हेरून ठेवा.

रविवारचा मेगाब्लॉक. सकाळी सातला पोहोचणं जमतं, पण अकरानंतर परतताना हार्बरवर अडकायला होतं. शनिवारीच वेळापत्रक बघा. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं, तेव्हा शिफ्टची सुट्टी सोमवारी असणाऱ्यांना तिथे बोलावू नका. सुरुवात सोप्या जागेपासून करा. धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान जुन्या कचराभूमीवर उभं राहिलं. सुमारे ३७ एकरांचं हे उद्यान १९९४ पासून लोकांना खुलं आहे. सपाट वाटा आहेत, आणि कोणाला मध्येच घरी जावंसं वाटलं तर निघता येतं.

मुलांना आणायची मुभा द्या. आणि दिवसभराच्या शिबिराचा हट्ट नको. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीत आठवड्याला दोन तास निसर्गात घालवणाऱ्यांची तब्येत आणि समाधान, अजिबात न जाणाऱ्यांपेक्षा सरस दिसलं. ते दोन तास सलग की तुकड्यांनी, याने फरक पडला नाही. पाहणी सर्वसामान्य लोकांची होती, सैनिकांची नव्हे, तरी शाळकरी मुलं असलेल्या आईला त्यातून दिलासा मिळावा.

“काय झालं होतं, सांगा ना”

पहिल्याच भेटीत गोल करून बसवायचं आणि अनुभव विचारायचे, हे करू नका. काहींनी जखमी जवान हाताळलेत, काहींना वरिष्ठांकडून त्रास झालाय, काहींना यातलं काहीही नाही आणि तेही सांगायची त्यांच्यावर सक्ती नको. तिला बोलायचं असेल तेव्हा ती टणटणी उपटता उपटता बोलेल.

जंगलातली शांतता सगळ्यांनाच शांत वाटते असंही नाही. सतत सावध राहायची सवय लागलेल्या व्यक्तीला दाट झाडीत पाठीमागे कोणीतरी असल्याचा ताण येतो. तिला रांगेच्या शेवटी चालू द्या, म्हणजे पाठीशी कोणी नसतं. विसर्जनाच्या आणि दिवाळीच्या दिवसांत वस्तीला लागून असलेल्या जागा टाळा. फटाक्याने दचकलेल्या माणसाकडे वळून बघत राहू नका. चालत राहा.

फुकट राबवून घेणं

शॉर्ट सर्व्हिसवर दहा किंवा चौदा वर्षं केलेल्या अधिकाऱ्याला पेन्शन नसते, कारण त्यासाठी वीस वर्षं लागतात. हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. ऐन पस्तिशीत ती नोकरी शोधत असते आणि आपण तिला दर रविवारी ‘सेवा’ मागतो. किमान प्रवासखर्च द्या. नियमित जबाबदारी घेणाऱ्यांना मानधन द्या, प्रमाणपत्रावर कामाचे तास आणि शिकलेलं कौशल्य स्पष्ट लिहा. १९८२ मध्ये प्रादेशिक सेनेची पहिली इको बटालियन गढवालमध्ये उभी राहिली. तिच्या माजी सैनिकांनी चुनखडीच्या खाणींनी उघडे पाडलेले मसुरीचे डोंगर पुन्हा हिरवे केले. त्या माणसांना पगार होता, वर्दी होती, हुद्दा होता. मुंबईतल्या गटाला हे सगळं जमणार नाही, पण पगार आणि हुद्दा यांचा लहानसा वाटा नक्की देता येईल. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी ओळख ठेवा. नोकरी आणि प्रशिक्षणाची माहिती तिथे मिळते.

आणि जिला जे येतं ते तिच्याकडून शिका. आमच्याबरोबर येणाऱ्या एका निवृत्त नर्सिंग ऑफिसरने प्रथमोपचाराची पेटी उघडली, मुदत संपलेली ओआरएसची पाकिटं बाजूला काढली, क्रेप बँडेज आणि जाड हातमोजे मागवले. मग प्रत्येकाला धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते विचारून वहीत लिहिलं. पावसाळ्यात पायाला जखम असलेल्यांना चिखलात उतरायला तिने साफ मनाई केली, लेप्टोच्या (साचलेल्या दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) भीतीने. तेव्हापासून पेटी तिच्याच ताब्यात आहे.

ती यायची बंद झाली तर

ग्रुपवर “कुठे आहात?” असं जाहीर विचारू नका. तिच्याबरोबर काम करणाऱ्या एकीने फोन करावा आणि कारण खोदून काढू नये. बहुतेक वेळा मुलाची परीक्षा, मुलाखत किंवा सासूचं आजारपण निघतं. झोप उडाली आहे, चिडचिड आवरत नाही, जगावंसं वाटत नाही, असं काही कानावर आलं तर तिथे झाडं-पक्षी पुरे पडत नाहीत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं, आणि सैन्यदलांसाठी पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये त्याचा वेगळा कक्ष सुरू झाला. जीवाला धोका वाटला तर तिला एकटी सोडू नका, थेट रुग्णालयात न्या.

तोवर तिचं काम दुसऱ्या कोणाकडे तात्पुरतंच द्या आणि वहीत तिच्या नावापुढे ‘रजेवर’ लिहा.