अनियमित ठोक्यांच्या गोळ्या चालू आहेत? या चुका टाळा

"ठोके आता नीट पडतात, धडधड नाही, मग ही रक्त पातळ करायची गोळी अजून कशाला?" मेडिकलच्या काउंटरवर हा प्रश्न हमखास येतो. विचारणारे बहुधा साठी उलटलेले असतात. बीपीची, शुगरची औषधं आधीपासून चालू असतात आणि महिन्याचं बिल बघून एखादी गोळी कमी करता येईल का, याचा हिशेब मनात चाललेला असतो. त्या हिशेबात पहिली कात्री लागते ती याच गोळीला. ती घेतली तरी काही जाणवत नाही, चुकवली तरी काही जाणवत नाही.

हा लेख मुख्यतः एट्रियल फिब्रिलेशनच्या, म्हणजे डॉक्टर ज्याला थोडक्यात 'एएफ' म्हणतात त्या आजाराच्या औषधांबद्दल आहे. यात हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. त्यातून दोन वेगळे त्रास उभे राहतात. एक, ठोके वेडेवाकडे आणि बहुतेकदा भरभर पडतात. दोन, डाव्या वरच्या कप्प्याला असलेल्या छोट्या पिशवीसारख्या भागात रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की अर्धांगवायू. एएफ असलेल्यांना हा धोका इतरांपेक्षा सुमारे पाचपट असतो. म्हणून चिठ्ठीवर औषधंही दोन प्रकारची असतात: ठोक्यांसाठी एक आणि गुठळीसाठी दुसरं. पहिल्याचा परिणाम कळतो, दुसऱ्याचा कधीच कळत नाही. पेशंट मात्र दोन्ही औषधं "बरं वाटतंय का" या एकाच मापाने मोजतात आणि खाली दिलेल्या बहुतेक चुका त्यातूनच होतात.

ठोके सुधारले म्हणून गुठळीची गोळी बंद करणं

2002 साली प्रसिद्ध झालेल्या 'अफर्म' या मोठ्या अभ्यासात काही पेशंटना ठोके ताळ्यावर ठेवायची औषधं दिली होती आणि काहींचा फक्त वेग आटोक्यात ठेवला होता. दोन्ही गटांत ज्यांना अर्धांगवायू झाला, त्यांतल्या बहुतेकांनी वॉर्फरिन हे रक्त पातळ करायचं औषध बंद केलेलं होतं किंवा रक्त पुरेसं पातळ नव्हतं. ठोके सुधारल्याने संरक्षण मिळालं नाही.

शॉक देऊन ठोके पूर्ववत केले असतील तर त्यानंतर किमान चार आठवडे रक्त पातळ करायचं औषध लागतंच. ॲब्लेशन, म्हणजे नळी घालून ठोके बिघडवणारा हृदयातला भाग निकामी करणं, झालं असेल तर किमान दोन महिने. पुढे चालू ठेवायचं की नाही, हे वय, बीपी, शुगर, आधी झालेला अर्धांगवायू अशा गोष्टींवर ठरतं. ईसीजी नॉर्मल आला, एवढ्यावर ते ठरत नाही.

दुसरी चूक पैशांपायी होते आणि तिच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. अपिक्सबान आणि डॅबिगॅट्रान या रक्त पातळ करायच्या गोळ्या दिवसातून दोनदा घ्यायच्या असतात. महिन्याचं पाकीट दोन महिने पुरवायचं म्हणून कितीतरी जण ती एकदाच घेतात. या औषधांचा असर साधारण बारा ते चोवीस तासांत ओसरतो, म्हणजे दिवसाचा निम्मा वेळ संरक्षण जवळजवळ नसतंच. परवडत नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. जेनेरिक आहेत आणि जुनी स्वस्त औषधंही आहेत. यात लाजण्यासारखं काही नाही.

"त्याऐवजी ॲस्पिरिन घेतो"

ॲस्पिरिन स्वस्त, ओळखीची आणि 'सौम्य' वाटते. ज्यांना वॉर्फरिन देणं योग्य वाटत नव्हतं अशा पेशंटवर एक अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2011 साली आले. ॲस्पिरिन घेणाऱ्यांत वर्षाकाठी 3.7 टक्के लोकांना अर्धांगवायू झाला किंवा शरीरात दुसरीकडे गुठळी अडकली. अपिक्सबान घेणाऱ्यांत हे प्रमाण 1.6 टक्के होतं. मोठा रक्तस्राव दोन्हीकडे जवळपास सारखाच. म्हणजे एएफसाठी ॲस्पिरिन संरक्षण कमी देते आणि सुरक्षितही फारशी नसते. मात्र स्टेंट बसवल्यामुळे तुम्हाला ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल दिलं असेल तर ती वेगळी गोष्ट आहे. ते स्वतःहून थांबवू नका.

गोळी कधी, कशासोबत आणि कुठे ठेवलेली

इथे घराघरांत गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर.

रिव्हारोक्सबान या रक्त पातळ करायच्या औषधाची 15 किंवा 20 मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबतच घ्यायची. 20 मिलिग्रॅमची गोळी रिकाम्या पोटी घेतली तर औषध दोन-तृतीयांशच्या आसपासच अंगी लागतं. आता नवरात्र डोळ्यांसमोर आणा. नऊ दिवसांचे उपवास, सकाळी चहा-दूध, संध्याकाळी आरतीनंतर फराळ. आणि गोळी? सकाळी आठलाच, कारण "रोज सकाळचीच सवय आहे." पण सकाळच्या चहाला जेवण म्हणत नाहीत. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, रताळं, काहीही असो, ज्या वेळी पोटभर खाणं होतं त्या वेळी ही गोळी घ्या. वेळ सकाळची संध्याकाळवर न्यायची असेल तर मधल्या काळात काय करायचं, हे उपवास सुरू होण्याआधी डॉक्टरांना विचारा. निर्जळी उपवास मात्र ही औषधं चालू असताना नकोच. पाणी कमी पडलं की किडनीवर ताण येतो आणि औषध अंगात साचतं.

डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडून पाण्यात किंवा मधात कालवून देणं ही वयस्कर माणसांच्या घरात होणारी चूक आहे. "आजींना गिळता येत नाही हो, म्हणून उघडून देते," असं सून काळजीपोटीच सांगते. पण आतले दाणे सुटे करून दिले तर औषध रक्तात सुमारे पाऊणपट जास्त उतरतं आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. गिळता येत नसेल तर औषधच बदलून घ्यावं लागेल. शिवाय या कॅप्सूलला दमट हवा सोसत नाही. सोमवार ते रविवार असे खण असलेला प्लास्टिकचा डबा मुलगा हौसेने आणून देतो आणि आठवड्याच्या सगळ्या गोळ्या त्यात भरल्या जातात. बाकीच्या गोळ्या भरा, ही नको. कोकणातल्या पावसाळ्यात तर नकोच नको. ती घ्यायच्या वेळेलाच पाकिटातून काढायची, ग्लासभर पाण्यासोबत. काहींना तिने जळजळतं. तसं झालं तर जेवणासोबत घेऊन बघा आणि डॉक्टरांना कळवा.

डोस चुकला तर? दिवसातून दोनदा घ्यायची गोळी असेल तर सहा तासांच्या आत आठवताच घ्या, एकदाच घ्यायची असेल तर बारा तासांच्या आत. त्याहून उशीर झाला तर तो डोस सोडा आणि पुढचा वेळेवर घ्या. दोन डोस एकदम कधीच नाहीत.

वॉर्फरिन आणि ॲसिट्रोम: पालेभाजीची भीती

लहानपणी सांधे सुजून ताप आलेला आणि त्यातून हृदयाची झडप आकसलेली, असे पेशंट आपल्याकडे अजूनही पुष्कळ आहेत. झडप बरीच आकसली असेल किंवा धातूची कृत्रिम झडप बसवली असेल, तर एएफसाठी नवीन गोळ्या (अपिक्सबान, डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्सबान) चालत नाहीत. शेजाऱ्याला "तपासणीची कटकट नसलेली गोळी" मिळाली म्हणून आपलीही बदलून मागणारे बरेच असतात. 2022 साली झडपेच्या अशा पेशंटवरच्या अभ्यासात रिव्हारोक्सबानपेक्षा जुनी औषधंच सरस ठरली. तेव्हा तुम्हाला वॉर्फरिन किंवा त्याच जातीचं ॲसिट्रोम दिलं असेल, तर ते जुनाट उपचार म्हणून दिलेलं नाही.

या औषधांवर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालं आहे हे दाखवणारा आकडा, तपासत राहावं लागतं. एएफसाठी तो साधारण 2 ते 3 मध्ये हवा. "पालक-मेथी पूर्ण बंद" असं सांगितलं जातं आणि पेशंट बिचारे वर्षानुवर्षं पालेभाजीला हात लावत नाहीत. त्याची गरज नाही. गडबड होते ती खाण्यात अचानक चढउतार झाला की. थंडीत मेथी स्वस्त झाली म्हणून पंधरा दिवस रोज मेथी खाल्ली आणि मग महिनाभर काहीच नाही, असं केलं तर आयएनआर वरखाली होणारच. आठवड्याला जेवढी भाजी खाता, तेवढी बाराही महिने खा.

पालेभाजीपेक्षा जास्त घोटाळा इतर औषधांनी होतो. मेट्रोनिडॅझोल, फ्लुकोनॅझोल, कोट्रायमोक्सॅझोल यांनी आयएनआर चढतो. टीबीच्या रिफाम्पिसिनने तो उतरतो आणि नवीन गोळ्यांचाही असर त्याने कमी होतो. हळदीच्या, लसणाच्या कॅप्सूल किंवा कोणी दिलेला काढा, हेही डॉक्टरांना सांगायला हवं. फोडणीतल्या हळद-लसणाबद्दल मी बोलत नाही.

गोळीची ताकदही नीट बघा. ॲसिट्रोम 1, 2, 3 आणि 4 मिलिग्रॅममध्ये येते. "तीच पांढरी गोळी द्या" असं सांगून औषध घेऊ नका, रिकामी स्ट्रिप सोबत आणा. काही घरांत कालनिर्णयच्या रोजच्या चौकोनात 'आज अर्धी', 'आज पूर्ण' आणि तपासणीच्या दिवशी आयएनआरचा आकडा लिहिलेला असतो. ही सवय फार चांगली आहे. आणि ॲसिट्रोमवरून नवीन गोळीवर नेलं असेल तर जुनी नक्की कधी बंद करायची, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. दोन्ही एकत्र चालू राहिल्याची उदाहरणं काउंटरवर दिसतात. जुन्या गोळ्या घरात उरलेल्या असतात आणि त्या संपवायच्या असतात, एवढंच कारण असतं.

गुडघेदुखीची गोळी

डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नेप्रोक्सेन या गोळ्या रक्त पातळ करणाऱ्या औषधासोबत घेतल्या तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. गुडघे, कंबर, मान यांच्यासाठी त्या सर्रास आणि चिठ्ठीशिवाय मागितल्या जातात. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल बरी, तीही प्रमाणात. शौच डांबरासारखी काळी होणं, लघवी लाल होणं, हिरड्यांतून सतत रक्त येणं, डोक्याला मार लागणं, यांतलं काहीही झालं तर वाट बघू नका. पावसाळ्यात ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. डेंगीत प्लेटलेट उतरतात, तेव्हा या गोळीचा निर्णय लगेच घ्यावा लागतो.

दात काढायचा आहे म्हणून स्वतःच चार दिवस गोळी बंद करू नका. साध्या दातासाठी बहुतेकदा ती पूर्ण थांबवावी लागत नाही. डेंटिस्ट आणि हृदयाचे डॉक्टर यांना एकमेकांशी बोलू द्या.

वेगाच्या गोळ्या आणि नाडीचा घोळ

मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉलने पहिले काही आठवडे थकवा येतो, हातपाय गार पडतात. "अंगात त्राणच नाही" म्हणून गोळी एकदम बंद केली की ठोके उसळून वर जातात. कमी करायची तर डॉक्टर टप्प्याटप्प्याने करतात. दमा असेल तर ते आधीच सांगा. शुगरची औषधं चालू असतील तर हे लक्षात ठेवा की शुगर उतरल्यावर होणारी धडधड या गोळ्यांमुळे जाणवत नाही, घाम मात्र येतो.

नाडी पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. एएफमध्ये पूर्ण एक मिनिट मोजावी लागते. शिवाय काही ठोके इतके क्षीण असतात की मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत. नाडी ऐंशी लागते, पण छातीवर स्टेथोस्कोप ठेवला तर शंभराच्या वर ठोके ऐकू येतात. म्हणून ऑक्सिमीटरच्या आकड्यावर गोळी कमीजास्त करू नका. बीपीचं डिजिटल मशीनही एकेका वेळी वेगळं सांगतं. लागोपाठ तीनदा घेऊन सरासरी लिहा.

डिगॉक्सिन आणि अमिओडेरोन

ठोक्यांचा वेग कमी करणारं डिगॉक्सिन आपल्याकडे बऱ्याचदा आठवड्यातून पाच दिवस, शनिवार-रविवार सोडून, असं लिहिलेलं असतं. गावाहून आलेली मुलगी किंवा नवीन मदतनीस "दोन दिवस राहिले वाटतं" म्हणून ती रोज देऊ लागते. या औषधात पुरेसा डोस आणि जास्त डोस यांत अंतर फार थोडं आहे. लघवीच्या गोळीने किंवा जुलाबाने पोटॅशियम उतरलं, तर नेहमीच्याच डोसने विषबाधा होऊ शकते. अन्नावरची वासना जाणं, मळमळ, पिवळसर दिसणं, नाडी मंद होणं ही तिची लक्षणं. म्हातारं माणूस जेवत नाही, याला घरचे वय म्हणतात आणि इथेच वेळ जातो.

ठोके ताळ्यावर ठेवणाऱ्या अमिओडेरोनच्या 200 मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे 75 मिलिग्रॅम आयोडीन असतं. शरीराची रोजची गरज 0.15 मिलिग्रॅम. त्यामुळे थायरॉइड वाढू शकतं किंवा मंदावूही शकतं. दर सहा महिन्यांनी थायरॉइड आणि यकृताची तपासणी चुकवू नका. कोरडा खोकला किंवा चालताना दम नव्याने सुरू झाला, तर कफ सिरप घेण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा, कारण हे औषध फुप्फुसांना इजा करू शकतं. उन्हात त्वचा भाजल्यासारखी होते, म्हणून शेतावर जाताना पूर्ण बाह्या आणि टोपी हवी. ते वॉर्फरिन, ॲसिट्रोम आणि डिगॉक्सिन या सगळ्यांचा असर वाढवतं. बंद केल्यावरही कित्येक आठवडे, कधी महिने ते शरीरात राहतं. त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना "आधी घेत होतो" हेही सांगायचं. ॲझिथ्रोमायसिन, लेव्होफ्लोक्सासिनसारखी औषधं यासोबत घेतल्यास ठोके धोकादायक रीतीने बिघडू शकतात. सर्दी-खोकल्यासाठी स्वतःच्या मनाने ती घेऊ नका.

खिशातला कागद

सगळ्या गोळ्यांची नावं, ताकद आणि वेळा एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा, घरच्यांच्या मोबाइलमध्ये त्याचा फोटो असू द्या. अचानक तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर 108 ला फोन करा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. ते द्यायचं की नाही, हे ठरवताना डॉक्टर दोन गोष्टी विचारतील: रक्त पातळ करायची कुठली गोळी चालू आहे आणि शेवटची किती वाजता घेतली. पेशंटला बोलता येत नसेल. सोबतच्या माणसाला हे माहीत असलं पाहिजे.