‘वाटणे’ आणि विचार : त्रास देणारे विचार कसे ओळखावेत

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक १९६० च्या दशकात फिलाडेल्फियात नैराश्याच्या रुग्णांवर उपचार करीत होते. रुग्णाच्या बोलण्याआड विचारांचा आणखी एक प्रवाह भरभर वाहत असतो, आणि तो इतका खरा भासतो की रुग्ण तो तपासूनही पाहत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. हे आपसूक येणारे विचार पकडणे ही सीबीटीची, म्हणजे विचार आणि वागणे बदलून त्रास कमी करणाऱ्या उपचारपद्धतीची, पहिली पायरी होय.

मराठी माणसाची अडचण इथेच सुरू होते, कारण आपले ‘वाटणे’ हे एकच क्रियापद भावना आणि विचार या दोहोंसाठी राबते. समजा, संध्याकाळी वरिष्ठांचा निरोप आला, ‘उद्या दहाला भेटा’, आणि रात्रभर झोप लागली नाही. ‘मला भीती वाटली’ ही भावना झाली. ‘मला वाटले की माझी चूक सापडली’ हा विचार झाला. ‘वाटले’नंतर ‘की’ बसत असेल, तर बहुधा तो विचार असतो.

वहीत प्रसंग, विचार आणि भावना असे तीन रकाने आखावेत, आणि भावनेची तीव्रता ० ते १०० मध्ये मांडावी. उदाहरणार्थ, भीती ८०. नोंद शक्यतो त्याच दिवशी करावी, कारण दुसऱ्या दिवशी आपण विचार विसरून केवळ प्रसंग आठवतो. लिहिलेल्या विचाराला पुन्हा विचारावे, ‘तसे झाले तर काय होईल?’ दोन-तीन उत्तरांनंतर ‘माझी नोकरी जाणार’ असा खरा बोचणारा विचार हाती लागतो. मन चिंती ते वैरी न चिंती, असे आपल्याकडे म्हणतात ते उगीच नव्हे.

आता वाक्यांतला ‘च’ शोधावा : ‘मी नेहमीच चुकतो’, ‘सगळे नीट झालेच पाहिजे’. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी अशाच हट्टी मागण्यांवर बोट ठेवले होते, आणि त्यांची विवेकनिष्ठ विचारसरणी मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली.

यानंतर विचाराच्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे पुरावे लिहून भीती पुन्हा मोजावी. ती ८० वरून ५० वर आली तरी पुष्कळ झाले. चूक खरोखरच झाली असेल, तर मात्र विचाराशी वाद न घालता ती कशी निस्तरायची हे लिहावे. वहीत जीव नकोसा झाल्याची नोंद येऊ लागली, तर एकट्याने लिहीत न बसता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.