इंदूरहून हर की दून: आधी दिवस मोजा, मग रजा टाका

इंदूरहून उत्तराखंडातल्या हर की दून या हिमालयातल्या दरीत चालत जाऊन परत यायला बारा दिवस लागतात. आठ दिवसांच्या रजेत बेत कोंबला की कात्री लागते ती चढाईच्या दिवसांना, आणि नेमकी तिथेच ती लागू नये.

इंदूर साधारण 550 मीटरवर, हर की दून 3,500च्या वर. 3,000 मीटरच्या पुढे मुक्कामाची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. दिवसा आणखी वर जाऊन आलात तरी चालतं. मोजायची ती झोपण्याची जागा.

रेल्वेने देहरादून, तिथे एक रात्र. पायथ्याच्या सांकरी गावाची बस भल्या सकाळी सुटते आणि मसुरी, पुरोला, मोरी करत दिवस घेते. रोख पैसे पुरोल्यापर्यंतच काढून ठेवा. वाटेत नैटवाडच्या वनचौकीवर ओळखपत्र लागतं. सांकरीहून जीपने तालुका (हे गावाचंच नाव), पुढे नदीकाठाने चालत ओसला. ओसला ते हर की दून एका दिवसात होतं, पण मग झोपण्याची उंची एकदम हजारेक मीटर वाढते. डोकेदुखी-मळमळ धरते ती अशा उडीमुळेच. म्हणून मध्ये कलकत्तियाधारला एक रात्र काढाच. एक दिवस राखीव ठेवा, पाऊस-दरडीसाठी.

डोकं दुखतंय आणि जेवण नकोसं झालंय, तर वर जाऊ नका. पाऊल सरळ रेषेत पडत नसेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर त्या माणसाला रात्र असली तरी खाली उतरवा. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही हे इंदुरातच डॉक्टरांना विचारा. सल्फा औषधांची अॅलर्जी असल्यास आवर्जून सांगा.

महिना निवडायचा तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर मध्य. जुलै-ऑगस्टमध्ये रस्ते दरडींनी बंद पडतात.

सराव इंदूरजवळच्या रालामंडलच्या टेकडीवर करा: सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, शेवटचे दोन आठवडे पाठीवर 8 किलो. पाण्याच्या बाटल्या भरून नेल्या की वजन झालं. ते वरच ओतून रिकाम्या पाठीने उतरू नका. गुडघे बोलतात ते उताराला.

बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजे घालून घ्या. दुकानात उतारासारखं पुढे झुकून उभं राहा. अंगठा पुढे टेकला तर मोठं माप मागा, नाहीतर तिसऱ्या दिवशी नख काळं पडतं. कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या बुटांचे तळवे चालताना सुटून येतात, तेव्हा महिनाभर आधी वापरून पाहा. सुती बनियन नको. घामाने भिजलं की वाळत नाही आणि थांबताच अंग गार पडतं.

3,500 मीटरवर पाणी 90 अंशांच्या आतच उकळतं. कुकर नसेल तर तूरडाळ तासाभरानेही कच्चीच राहते. इंधन मात्र संपतं. इथे आपले पोहे कामाला येतात: माणशी 100 ग्रॅम, फोडणीचा मसाला घरूनच कोरडा परतून पुडीत, वर शेव. गॅसचा डबा रेल्वेत नेता येत नाही, तो देहरादूनला घ्या.

शेव, बिस्किटं घरीच पाकिटांतून काढून जाड पिशवीत भरा. वरून परत आणायचं प्लास्टिक तेवढंच कमी. उरलेल्या कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात राहू द्या. इंदुरात ओला-सुका वेगळा करणाऱ्या हातांना हे जड नाही.