डेबियन पॅकेज: आधी मिनिफाइड फायली हुडका

पॅकेज नीट बिल्ड होतं, तरी डेबियन या लिनक्स वितरणाच्या 'न्यू' रांगेतून, म्हणजे नव्या पॅकेजेसच्या तपासणीतून, परत येतं. आत एखादी मिनिफाइड (मोकळ्या जागा वगैरे काढून आकसवलेली) जावास्क्रिप्ट असते आणि तिचा मूळ सोर्स टारबॉलमध्ये (सोर्सच्या गठ्ठा-फाइलमध्ये) नसतो.

१. टारबॉल सोडवल्याबरोबर, बाकी कशाला हात लावण्याआधी, 'लायसन्सचेक' हे फायलींचे परवाने ओळखणारं साधन रिकर्सिव्ह, म्हणजे सगळ्या उपफोल्डरांसकट, चालवा. 'अननोन' (परवाना ओळखता न आलेली) म्हणून आलेली प्रत्येक फाइल स्वतः उघडून वाचा.

२. नावात 'मिन.जेएस' असलेल्या फायली वेगळ्या शोधा. काहींच्या नावात 'मिन' नसतंही. हजारो अक्षरांची एकच लांबलचक ओळ दिसली की ओळखा, हा सोर्स नव्हे. पीडीएफ आणि फाँटही तपासा, त्यांचाही मूळ सोर्स आत नसू शकतो.

३. मूळ सोर्स मिळाला तर 'डेबियन/मिसिंग-सोर्सेस'मध्ये ठेवा. फाइल लागतच नसेल तर 'डेबियन/कॉपीराइट'मध्ये 'फाइल्स-एक्सक्लूडेड'खाली नोंदवा. मग यूस्कॅन (मूळ प्रकल्पाचा टारबॉल उतरवणारं साधन) ती वगळून टारबॉल बांधून देतं. आवृत्तीला '+डीएफएसजी' (डेबियनच्या मुक्त सॉफ्टवेअर नियमांचं लघुरूप) जोडा. मला हाच मार्ग बरा वाटतो, पुढच्या आवृत्तीलाही तोच कामी येतो.

एक सांभाळा: 'डेबियन/कॉपीराइट'मध्ये 'लायसन्स एमआयटी' एवढंच लिहून चालत नाही. जीपीएल परवान्याचा मजकूर डेबियनच्या 'कॉमन-लायसन्सेस' या फोल्डरमध्ये असतो, तसा एमआयटीचा नसतो. तो पूर्ण उतरवा, मूळ लेखकांच्या कॉपीराइट ओळींसकट.